लंगोट का पक्का

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, त्यात दोनच ओळी होत्या. पहिलीत 'तुमच्या शरीरसौष्ठवाच्या कारकिर्दीवर लिहा' असं होतं आणि दुसरीत, जरा चाचरत, 'बाकीचंही लिहिलंत तर वाचकांना आवडेल' असं. बाकीचं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि भंडाऱ्यात तर दूधवाल्यालाही ठाऊक आहे. तरी लोक अजून त्याला 'बाकीचं'च म्हणतात. पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाने आता काय झाकायचं? झाकायचं होतं तेवढं पाच वर्षं झाकून पाहिलं, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगाशी आलं. तेही सांगणारच आहे, पण आधी धंद्याचं सांगतो.

मी सानगडीचा. घरी धानाची शेती, तीन भावांत मी धाकटा. शाळा आटोपल्यावर भंडाऱ्याला आलो आणि पितळी भांड्यांच्या एका कारखान्यात ठोकाईला लागलो. ठोकाई म्हणजे घागरीच्या पोटावर हातोडीने एकसारखे ठोके उमटवायचे. दिवसभर हातोडी मारली की उजवा हात पोसतो आणि डावा तसाच राहतो. पैलवानाचं यात काही बिघडत नाही. शरीरसौष्ठवाचे परीक्षक मात्र दोन्ही हातांकडे, वाटणीला बसलेले भाऊ बांधाकडे बघतात तसे बघतात. म्हणून मी डाव्या हाताने ठोकाई शिकलो. त्या महिन्यात ज्या घागरी माझ्या हातून निघाल्या त्या घेणाऱ्या बायांची मी आज माफी मागतो.

व्यायामशाळा तळ्याच्या काठी होती. ती नारायण वस्तादांची. वस्ताद म्हणजे जुने कुस्तीगीर, साठी उलटलेले, बिनलग्नाचे, आवाज असा की पलीकडच्या काठावरची म्हैस उठून उभी राहायची. त्यांच्या लेखी व्यायाम म्हणजे माती, जोर आणि बैठका. आम्ही दोघा-चौघांनी एका कोपऱ्यात धान गिरणीच्या जुन्या पुल्या लोखंडी दांड्याला लावून वजनं उचलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी आठ दिवस आमच्याकडे पाहिलंही नाही. नवव्या दिवशी म्हणाले, मातीत उतरत नाही आणि आरशात पाहत बसता, हा काय बायकी धंदा. पुढे मी जिल्ह्याचा किताब आणला तेव्हा पेढे मात्र त्यांनीच वाटले, आणि दोन्ही वेळा त्यांचा आवाज तेवढाच मोठा होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, स्टेजवर चड्डी घालून उभं राहायचं आणि दंड फुगवायचे, संपलं. तसं नाही. स्पर्धेच्या महिनाभर आधी भात बंद. आमच्या मुलखात हे सांगणं म्हणजे श्वास बंद म्हणण्यासारखं. माझी माय म्हणायची, "भात नाई खात त काय खाते हा, गोटे?" आठवडाभर आधी मीठ बंद. शेवटचे दोन दिवस पाणी घोटाघोटाने, कारण कातडीखाली पाणी राहिलं की स्नायूच्या रेघा दिसत नाहीत. म्हणजे स्टेजवर जो माणूस सगळ्यांत ताकदवान दिसतो आणि हसत असतो, तो त्या क्षणी तहानेने अर्धमेला असतो. हे गणित मला समजायला दोन स्पर्धा हराव्या लागल्या. पहिल्या वेळी तर मी सकाळी पोटभर पाणी पिऊन, माझ्या मते ताजातवाना होऊन गेलो आणि फुगलेल्या पुरीसारखा दिसलो.

व्यायामशाळेत येणारी गिऱ्हाइकंही एकेक होती. साकोलीकडचा एक नवरदेव लग्नाला सहा आठवडे असताना आला आणि म्हणाला, फोटोपुरती छाती करून द्या. मी म्हटलं, छाती नाही होणार, पण खांदे मागे घेऊन उभं राहायला शिकवतो. तेवढंच शिकला. सासरे खूश झाले म्हणे.

दुसरा गजानन. हा मोठ्या प्रकरणाचा माणूस, म्हणून त्याच्याकडे नीट लक्ष द्या. नाकाडोंगरीचा, खाणीत ट्रक भरायचा आणि वनरक्षकाच्या भरतीत दोनदा नापास झालेला. भरतीत नुसती छाती मोजत नाहीत. आधी साधी मोजतात, मग श्वास भरायला लावून पुन्हा मोजतात, आणि दोन मापांत ठरलेला फरक यावाच लागतो. गजाननची छाती फळीसारखी होती, पण फुगायची नाही. पोटात श्वास घ्यायचा बिचारा. मी त्याला रोज तळ्यात गळ्यापर्यंत पाण्यात उभं करून श्वास घ्यायला लावला. पाण्याचा दाब बरगड्यांवर येतो, तेव्हा बरगड्या उघडल्याशिवाय श्वासच मिळत नाही. तिसऱ्या भरतीत तो पास झाला आणि भंडाऱ्याजवळच्याच लाकूड आगारावर त्याची नेमणूक झाली. तेव्हापासून तो मला देव मानायला लागला. माझं नाव देवराम, सगळे देवाभाऊ म्हणायचे, पण गजानन ते ज्या सुरात म्हणायचा त्याची मला भीती वाटायला हवी होती.

आता लंगोटाचं.

तालमीतल्या हिंदीत एक बोल आहे, 'लंगोट का पक्का'. लंगोट आमचा रोजचा कपडा, पण बोलाचा अर्थ वेगळा. जो बाईच्या वाटेला जात नाही, ब्रह्मचर्य पाळतो, तो लंगोट का पक्का. मारुतीच्या शिष्याला याहून मोठी शाबासकी नाही. मी पंचविशीचा झालो, सत्ताविशीचा झालो, लग्न केलं नाही, रस्त्याने जाणाऱ्या पोरीकडे मान वळवली नाही, मित्रांच्या चावट गप्पांत तोंड उघडलं नाही. वस्तादांनी हे सगळं पाहिलं आणि त्यांचा निष्कर्ष निघाला. एका सकाळी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पाहा बे पोट्टेहो, याले म्हनते लंगोट का पक्का."

मी गप्प राहिलो. चूक तिथेच झाली. पण मला त्या वेळी ती चूक वाटली नाही, सुटका वाटली. त्या एका बोलाने सानगडीहून येणारी स्थळं थांबली. मोठे भाऊ म्हणायला लागले, देवा मारुतीचा झाला, त्याला त्रास देऊ नका. मायने एकदा डोळे पुसले आणि मग गावात अभिमानाने सांगत सुटली. जे कुणालाही सांगता आलं नसतं, त्याला गावाने आपणहून पुण्याचं नाव दिलं.

खरं ते असं होतं की माझं मन पुरुषाकडेच जायचं. पहिल्यापासूनच. त्याला तेव्हा आमच्याकडे एकही बरा शब्द नव्हता, शिव्या मात्र चार-पाच होत्या. 'समलिंगी' हा शब्द मी पुढे कितीतरी वर्षांनी वर्तमानपत्रात वाचला, तोवर आमचं निम्मं आयुष्य त्या शब्दावाचून पार पडलं होतं.

आमचं म्हणजे माझं आणि तुळशीरामचं. तुळशीराम कारध्याचा ढीवर, म्हणजे वैनगंगेत मासे धरणाऱ्या घरचा. पुलाच्या टोकाशी पाटी घेऊन बसायचा. स्पर्धेच्या दिवसांत मला रोज मरळ लागायची आणि मी त्याच्याकडूनच घ्यायचो. चार दिवस त्याने मला वरून खाली पाहिलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, हे अंग नुसतं दाखवायचं आहे की काही कामाचंही आहे? मी चिडून म्हटलं, काम सांगून पाहा. त्याने मला डोंग्यात बसवून नदीत नेलं आणि फेकजाळं हातात दिलं. जिल्ह्याचा किताब मिळवलेला माणूस मी, जाळ्यासकट पाण्यात पडलो. तुळशीराम डोंग्यात बसून पोट धरून हसला. त्या हसण्यात मी जो पडलो तो अजून वर आलेलो नाही.

पाच वर्षं असं चाललं. सकाळी व्यायामशाळा, दिवसा ठोकाई, सुट्टीच्या दिवशी कारधा. कुणालाही शंका आली नाही, कारण लंगोट का पक्का माणूस मासेवाल्याकडे जातो तो माशांसाठीच. तुळशीरामला मात्र तो बोल आवडायचा नाही. लोक तुझी स्तुती करतात तेव्हा मी कुठे असतो, असं त्याने एकदा विचारलं. मी मरळीचा भाव विचारला. पैलवानी करणारा माणूस भित्रा नसतो असा समज आहे. तो मी इथे खोडून काढतो.

मग कांता आली.

आमची व्यायामशाळा म्हणजे बायांनी पायरीही न चढायची जागा. एका दुपारी वस्तादांनी आत येऊन सांगितलं की बाहेर कुणी मुलगी तुला विचारते आहे. सोबत तिचा बाप होता, तो मान खाली घालून चिंचेच्या झाडाखाली उभा. मुलगी वीस-एकवीस वर्षांची, हातात पिशवी. तिने सांगितलं, मी सानगडीची, तुमच्या खालच्या आळीतली, आणि मला नाकाडोंगरीच्या गजाननला दिली आहे. गजाननचं लग्न झालेलं आहे हे मला तेव्हा कळलं. त्याने कधी सांगितलं नव्हतं. लग्नाला वर्ष झालं होतं आणि बायकोला त्याने महिन्याभरात माहेरी आणून सोडलं होतं.

"ते म्हनतेत, देवाभाऊ करते तसं मी करून राहिलो," कांता म्हणाली. "देवादादा, तुमी लंगोट आवळला त्याचं मले काई नाई. पन त्याच्यापायी माहा संसार काहून उसवून राहिले? मी पसंत नाई असं म्हनले असते त मी आयकून घेतलं असतं. हे त मारुतीचं नाव सांगतेत. आता मारुतीशी भांडू का मी?"

बाप मागून म्हणाला, पोरी, चल आता. ती हलली नाही. गावची लेक होती, मला जाब विचारायचा तिचा हक्क होता आणि तिला तो ठाऊक होता. मी म्हटलं, मी बघतो. जगातलं सगळ्यांत फुसकं वाक्य.

गजाननला त्याच संध्याकाळी पकडलं. समजावलं, दरडावलं, बायकोला घेऊन ये म्हणून हात जोडले. तो शांत उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तुमी जे सोता करून राहिले, तेच मी करून राहिलो. मंग मले कायले मना करता?" खरं उत्तर एकच होतं, आणि मी त्याला पुन्हा बायकोला आणायलाच सांगितलं. तो माझी खोटी प्रतिमा माझ्याहून प्रामाणिकपणे पाळत होता.

दोन दिवसांवर हनुमान जयंती होती. त्या सकाळी मारुतीपुढच्या गदेवर हात ठेवून मुलांनी शपथ घ्यायची अशी आमच्याकडची रीत, आणि तीन वर्षांपासून त्या शपथेत 'देवाभाऊसारखा लंगोट का पक्का राहीन' अशी ओळ वस्तादांनी घुसवली होती. आदल्या संध्याकाळी मी मनाचा हिय्या करून त्यांच्या घरी गेलो. ते चिंच लावून पितळी गदा घासत बसले होते. मला पाहून चेहरा फुलला. म्हणाले, उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे की माझ्यामागे ही व्यायामशाळा देवाची. आणि मला डिंकाचे लाडू दिले. मी दोन लाडू खाल्ले आणि एक शब्द न बोलता परत आलो. आजवरच्या आयुष्यात मला सगळ्यांत जास्त लाज वाटते ती त्या दोन लाडवांची.

तिथून सरळ कारध्याला गेलो. तुळशीराम दारात जाळं विणत बसला होता. त्याला सगळं सांगितलं. त्याने विणणं थांबवलं नाही. गाठ आवळत म्हणाला, "सांगशील त माहं नाव बी सांगजो. नाव नाई घेतलं त लोकं दहा पोट्ट्यांचे नावं घेतील आन् त्याइचे हाल होतील." मी विचारलं, तुझे हाल झाले तर? तो म्हणाला, नदी काही मला मासे द्यायचं थांबवणार नाही.

हनुमान जयंतीच्या सकाळी पन्नासेक माणसं होती. आरती झाली, शपथ सुरू झाली आणि पहिला पुढे आला तो गजानन. गदेवर हात ठेवून त्याने तोंड उघडलं.

"थांब, गजानन. हात काढ," मी म्हणालो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "माह्या नावानं शपथ घेऊ नोको. मी ब्रह्मचारी नाई. मले बाई नोको होती म्हनून मी लगन नाई केलं, मारुतीसाठी नाई. कारध्याचा तुळशीराम माहा जोडीदार हाये. पाच वर्सं झाले, नवरा-बायको राह्यते तसे आमी हावो. तू आपल्या बायकोले घरी घेऊन ये."

कुणीतरी हसलं, थट्टा आहे असं समजून. मग ते हसू एकटंच पडलं. गजाननने गदेवरचा हात असा काढला की जणू ती तापलेली होती. प्रसादाचा कढईतला शिरा कुणी ढवळायचं विसरलं आणि करपल्याचा वास सगळीकडे पसरला.

वस्ताद हळू आवाजात बोललेले मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. "मंग पाच वर्सं तू मले येडं बनवलं."

"तुमी कधी इचारलंच नाई जी," मी म्हणालो.

हे उत्तर मी दिलं नसतं तर बरं झालं असतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, पण ते त्या म्हाताऱ्याला देण्याचं उत्तर नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्यांना एकट्याला सांगितलं असतं तर ते ओरडले असते, कदाचित गदाही उगारली असती, पण पन्नास माणसांसमोर त्यांचं तोंड उतरलं नसतं. खरं बोलल्याचा मला आजही पस्तावा नाही. ज्या क्रमाने बोललो त्याचा आहे. वस्ताद वळले आणि चपला न घालताच घरी निघून गेले.

पुढचं तुम्ही ओळखू शकता. व्यायामशाळेच्या समितीने मला येऊ नको असं कळवलं. ज्या शिव्या आजवर दुसऱ्यांना पडताना ऐकल्या होत्या त्या आता माझ्या नावाने पडू लागल्या. कारखान्यात दोघांनी माझ्याजवळ बसणं सोडलं. मालक भला निघाला. म्हणाला, तू दोन्ही हातांनी ठोकाई करतोस, असा दुसरा माणूस मला कुठे मिळणार? आमच्यासारख्यांना धरून नेण्याचा कायदाही होता म्हणे. तो तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हता, आणि नशिबाने आमच्या जमादारालाही नसावा. मी भंडाऱ्यातली खोली सोडून उघडपणे कारध्याला राहायला गेलो.

माय महिन्याने आली. मोठ्या भावाने तिला बसमध्ये बसवून दिलं होतं, स्वतः आला नाही. ती ओट्यावर बसली आणि तासभर तुळशीरामकडे बघत राहिली. तो मासे साफ करत होता. शेवटी तिने मला विचारलं, "याले सैपाक येते का?" मी म्हटलं, माझ्याहून बरा येतो. "मंग मी कायले जीव जाळू," ती म्हणाली. जेवली, आणि जाताना बसमध्ये रडली हे मला कंडक्टरने सांगितलं. दोन्ही खरंच होतं.

आणि गजानन? त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. दोन वर्षं तो रस्त्यात दिसला की पलीकडे व्हायचा. पण हनुमान जयंतीनंतर आठ दिवसांच्या आत तो सानगडीला जाऊन कांताला घेऊन आला. त्याचं पोरगं पुढे शाळेत माझ्या पुतणीच्या वर्गात होतं. त्याचा राग मला मान्य होता, त्या बदल्यात जे झालं ते फार मोठं होतं.

मी व्यायाम सोडला नाही. तेवढं एकच मला येत होतं. घाटावर वाळूची पोती भरली, तुळशीरामने डोंग्याच्या जुन्या वल्ह्याला दगड बांधून वजन करून दिलं. वाळूत बैठका मारून पाहा कधी, मांड्यांना जमिनीवर न मिळणारी मेहनत मिळते. सात महिन्यांनी तुमसरला विदर्भातल्या खेळाडूंची स्पर्धा ठरली. अर्जात व्यायामशाळेचा रकाना होता आणि वस्तादांचा रकाना होता. पहिल्यात मी 'कारधा घाट' लिहिलं, दुसरा कोरा सोडला.

स्पर्धा एका धान गिरणीच्या पटांगणावर होती, धान वाळवायच्या सिमेंटच्या जागेवर, भर दुपारी. प्रत्येकाला एक मदतनीस आत नेता यायचा, कारण पाठीला तेल स्वतःचं स्वतःला लावता येत नाही. तुळशीराम तेलाची बाटली घेऊन आत आला तसे आजूबाजूचे चार-सहा जण सरकून बसले. एकाने काहीतरी म्हटलं. तुळशीरामने ऐकलं न ऐकल्यासारखं करून बाटलीचं बूच काढलं. म्हणाला, बरं झालं, जागा मोकळी झाली.

माझं नाव पुकारलं. 'व्यायामशाळा, कारधा घाट' म्हटल्यावर लोक हसले, कारण घाटावर माणूस शेवटीच जातो. मग 'वस्ताद' म्हणून निवेदक थांबला आणि पुढे सरकला. गर्दीतून एक शिवी आली, मागोमाग दुसरी. मी स्टेजवर चढलो. आणि तेव्हा तिसऱ्या रांगेत मला पांढरा फेटा दिसला. नारायण वस्ताद. सात महिन्यांत माझ्याशी एक शब्द न बोललेला माणूस तुमसरपर्यंत बसने आला होता. ते हसले नाहीत, मान हलवली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून नुसते बघत होते, परीक्षक बघतात तसे, पायांपासून वर.

मी पोझ घेतल्या. छाती, पाठ, पोटऱ्या. शिव्या देणारे कधी थांबले ते कळलं नाही. मांड्या आवळून दाखवल्या तेव्हा एका परीक्षकाने शेजारच्याला कोपराने ढोसलं, ते मात्र दिसलं. वाळूने काम केलं होतं. निकाल लागला, किताब माझा झाला, आणि टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी वाजवल्या नाहीत. पण ज्यांनी वाजवल्या त्यांनी मी कोण हे ठाऊक असून वाजवल्या, आणि तशा टाळ्या मला जन्मात पहिल्यांदाच मिळत होत्या.

मग फोटो. विजेत्याच्या उजव्या हाताला वस्ताद आणि डाव्या हाताला घरचं माणूस, बाप, भाऊ किंवा बायको, असा फोटो काढायची तिथली पद्धत. एका साप्ताहिकाच्या फोटोग्राफरने विचारलं, वस्ताद कोण? मी काही बोलायच्या आत पायरीवर काठी वाजली. वस्ताद धापा टाकत वर आले, माझ्या उजवीकडे उभे राहिले आणि फेटा नीट केला. माझ्याकडे बघितलं नाही.

"घरचं कोणी आलंय का?" फोटोग्राफरने विचारलं.

माझी जीभ टाळ्याला चिकटली. दोन दिवसांची तहान होती, पण नुसती तहान नव्हती. तुळशीराम खाली दोरीच्या पलीकडे उभा होता, तेलाचे हात सदऱ्याला लागणार नाहीत असे धरून. तो माझ्याकडे बघून नको अशी मान हलवत होता.

तेव्हा वस्तादांचा तो जुना आवाज पटांगणभर गेला. "ओ कारध्यावाले! वर ये. याच्या घरचा तूच हायेस ना? मंग खाली उभा राहून काय पाहून राहिला?"

सगळं पटांगण तुळशीरामकडे बघायला लागलं. तो आला. हात पुसायला काही सापडेना, तसे तेलकट हात मागे धरून माझ्या डावीकडे उभा राहिला. फोटो निघाला. उतरताना वस्ताद माझ्याशी एवढंच बोलले की डावी पोटरी अजून उजवीच्या मागे आहे. मी रडायला लागलो, आणि अंगात पाणी नसल्यामुळे ते रडणंही धड होईना.

व्यायामशाळा पुढे माझ्याकडे आली, पण सुखासुखी नाही. समितीत दोन वर्षं भांडणं झाली आणि निम्मी मुलं दुसरीकडे गेली. गजानन एक दिवस काही न बोलता आला आणि कोपऱ्यात बैठका मारायला लागला. माझ्या हातून बारा खेळाडू तयार झाले. शपथ मी बंद केली. गदेला मुलं अजूनही नमस्कार करतात.

पण तुमसरनंतरच्या आठवड्यात साप्ताहिक आलं तेव्हाचं सांगतो. तुळशीरामला वाचता येत नव्हतं, म्हणून कारध्याच्या ओट्यावर मी त्याला फोटोखालची ओळ वाचून दाखवली: 'किताबाचे मानकरी, त्यांचे वस्ताद व मंडळी.' मराठीत मंडळी म्हणजे जमलेली माणसं, आणि मंडळी म्हणजे बायकोही. छापखान्यातल्या जुळाऱ्याने कोणत्या अर्थाने खिळे लावले ते देव जाणे, मी कधी विचारायला गेलो नाही. तुळशीरामने अंक हातात घेऊन फोटोतल्या स्वतःकडे पाहिलं.

"माहं नाव नाई टाकलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "पन पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. त्या दिवशी त्याने माझ्याकडून ते सात वेळा वाचून घेतलं.